गर्भारपणातला मधुमेह: जेवणानंतरचे दोन तास

सहाव्या महिन्याच्या तपासणीत शुगर वाढलेली निघाली की बहुतेक घरांत पहिली कारवाई साखरेच्या डब्यावर होते आणि दुसरी भाताच्या पातेल्यावर. सासूबाई गोड बंद करतात, शेजारीण मेथीचे पाणी सुचवते, आणि जिच्यासाठी हे सारे चालले आहे ती दोन घास कमी खाऊन भुकेलीच झोपते. यातून साखर किती उतरली हे कोणालाच सांगता येत नाही, कारण कोणी मोजलेलीच नसते. हा मधुमेह सांभाळताना पथ्याच्या याद्यांपेक्षा जेवणानंतर दोन तासांनी बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाला अधिक महत्त्व द्यावे असे माझे मत आहे. म्हणून पुढील मजकुरात खाण्यापिण्याचा विचारही त्या मोजणीच्या आधारानेच केला आहे. औषध आणि त्याची मात्रा मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची आहे.

साखर का वाढते

बाळाला अन्न पुरवणारी वार त्याच वेळी आईच्या रक्तात अनेक संप्रेरके सोडत असते. या संप्रेरकांमुळे आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि जेवणातून आलेली साखर तिच्या रक्तात जास्त वेळ राहते, म्हणजे ती बाळाला मिळू शकते. ही निसर्गाचीच योजना आहे. साधारण विसाव्या ते चोविसाव्या आठवड्यापासून हा परिणाम वाढत जातो. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड त्या प्रमाणात जास्त इन्सुलिन तयार करून तो भरून काढते, पण ज्यांच्या स्वादुपिंडाला ते झेपत नाही त्यांची साखर वाढते. त्यामुळे चौथ्या महिन्यात खाल्लेल्या पेढ्यांनी मधुमेह झाला, असे कोणी म्हणाले तर ते मनाला लावून घेऊ नये. घरात आईला किंवा वडिलांना मधुमेह असणे, वय पंचविशीच्या पुढे असणे, वजन जास्त असणे, आधीच्या बाळंतपणात बाळ फार मोठे असणे, या गोष्टींनी शक्यता वाढते. परंतु यांपैकी काहीही नसलेल्या, सडपातळ आणि तरुण स्त्रियांनाही हा मधुमेह होतो, म्हणूनच आपल्याकडे तपासणी निवडक स्त्रियांची न करता सर्वांची करतात.

बाळावर होणारा परिणाम समजून घ्यायचा तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचे इन्सुलिन जात नाही. आलेली जादा साखर हाताळण्यासाठी बाळाचे चिमुकले स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन तयार करते, आणि त्या इन्सुलिनमुळे बाळाच्या अंगावर, विशेषतः खांद्यांभोवती आणि पोटावर, चरबी साठते. डेन्मार्कचे डॉक्टर योर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात मांडलेली ही उपपत्ती आजही आधारभूत मानली जाते. अशा बाळाचा खांदा प्रसूतीच्या वेळी अडकू शकतो. नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर एकदम थांबते, बाळाचे इन्सुलिन मात्र तेवढेच राहते, त्यामुळे जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत बाळाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. साखर बराच काळ वाढलेली राहिली तर आईलाही रक्तदाब वाढण्याचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते.

ही जोखीम ठरावीक आकड्यापाशी सुरू होते असेही नाही. नऊ देशांतल्या तेवीस हजारांहून अधिक गर्भवतींच्या पाहणीतून २००८ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत आईची साखर जशी वाढते तशी बाळाच्या वजनाची अडचण पायरीपायरीने वाढत गेलेली दिसली. निदानाची रेघ डॉक्टरांनी व्यवहारासाठी आखलेली आहे, त्यामुळे रेघेच्या किंचित अलीकडे असणाऱ्या स्त्रीनेही निष्काळजी राहू नये.

बाळ लहान दिसते आहे म्हणून निश्चिंत राहणे हीदेखील चूक ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. तिथली नवजात बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वजनकाट्यावरून आपल्याकडच्या बाळाच्या प्रकृतीविषयी सगळे कळत नाही, ते या कामामुळे स्पष्ट झाले.

तपासणी कशी होते

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली तपासणी नाव नोंदवायला जाल तेव्हाच करायची असते. ती नॉर्मल आली तर चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करावी लागते. पहिल्या वेळचा अहवाल चांगला आला म्हणून दुसरी तपासणी टाळणाऱ्या बऱ्याच जणी असतात, आणि वारेची संप्रेरके नेमकी त्याच काळात जोर धरत असल्याने ही टाळाटाळ महागात पडते.

या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत प्यायचे आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचे. आकडा १४० मि.ग्रॅ./डे.लि. किंवा जास्त आला तर गर्भारपणातल्या मधुमेहाचे निदान होते. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही सोपी पद्धत भारतात रुजवली, आणि त्यांचा वाढदिवस, १० मार्च, या आजाराच्या जनजागृतीचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो. खेड्यातल्या बाईला उपाशीपोटी एसटीने तालुक्याला यावे लागू नये, हा या पद्धतीमागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. ते पाणी अतिशय गोड लागते आणि मळमळते, म्हणून घोट घोट घ्यावे. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते, त्यानंतर झाली तर तीच पुढे चालू ठेवतात. मधल्या दोन तासांत काही खाऊ नये आणि भराभर फेऱ्याही मारू नयेत, बसून राहावे.

काही खासगी रुग्णालयांत उपाशीपोटी, एका तासाने आणि दोन तासांनी असे तीन वेळा रक्त घेतात. त्या पद्धतीत मर्यादा अनुक्रमे ९२, १८० आणि १५३ अशा असतात आणि यांपैकी एक जरी ओलांडली तरी निदान होते. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. लघवीतली साखर किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी या निदानासाठी पुरेशी नाही, कारण गर्भारपणात मूत्रपिंडातून साखर एरवीही थोडी झिरपते आणि रक्त कमी असेल तर ती सरासरी फसवी येऊ शकते. सुरुवातीच्याच तपासणीत आकडा २०० किंवा त्याहून जास्त आला तर मधुमेह दिवस जाण्यापूर्वीपासूनचा असण्याची शक्यता असते. अशा स्त्रीने वेळ न दवडता तज्ज्ञांकडे जावे आणि डोळ्यांचा पडदाही तपासून घ्यावा.

सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची मोफत तपासणी होते, तीत ही चाचणीही असते. आशाताईंना आधी विचारून ठेवावे आणि माता-बाल संरक्षण कार्डावर आकडा लिहून घ्यावा. 'नॉर्मल' एवढाच शब्द लिहिलेला कागद पुढच्या डॉक्टरांच्या उपयोगाचा नसतो.

घरी मोजताना

निदानानंतर गाठायचे आकडे असे असतात: उपाशीपोटी ९५च्या आत, जेवणानंतर एका तासाने १४०च्या आत आणि दोन तासांनी १२०च्या आत. दोन तास जेवण संपल्यापासून न मोजता पहिल्या घासापासून मोजावेत. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आंबा किंवा केळे सोललेल्या बोटाचा थेंब घेतला तर यंत्र त्या फळाची साखरही मोजते आणि घरभर विनाकारण घबराट होते. सुई बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचावी, तिथे कमी दुखते. स्ट्रिपा महाग पडतात ही खरी अडचण आहे. रोज चार वेळा मोजणे परवडत नसेल तर कोणत्या दिवशी कोणत्या जेवणानंतर मोजायचे हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे, जेणेकरून आठवडाभरात प्रत्येक जेवणाची एकदा तरी पाहणी होईल.

आकड्याशेजारी काय आणि किती खाल्ले हेही वहीत लिहावे, कारण नुसत्या आकड्यातून काही शिकता येत नाही. उदाहरण म्हणून एक सकाळ घेऊ. नऊ वाजता दोन वाट्या पोहे आणि दोन चमचे साखरेचा चहा घेतला, आणि अकरा वाजता आकडा १४६ आला असे समजा. लगेच पोहे कायमचे बंद करण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी एकच वाटी पोहे घ्यावेत, त्यांत शेंगदाणे आणि मटार जास्त असावेत, बरोबर वाटीभर वाफवलेली मोडाची मटकी लिंबू पिळून खावी, चहा बिनसाखरेचा प्यावा आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे अंगणात किंवा गच्चीवर चालावे. अकरा वाजता आकडा १२०च्या आत आला तर पोहे कसे खायचे हे तुम्हाला कळले. तरीही जास्त आला तर तिसऱ्या दिवशी पोह्यांऐवजी मुगाचे धिरडे किंवा अंड्याबरोबर एक पोळी खाऊन पाहावी. सकाळी संप्रेरकांचा जोर अधिक असल्याने न्याहारीचा आकडा आवरणे सर्वांत कठीण जाते, दुपारी तेवढाच पदार्थ पुष्कळदा सहज पचतो. म्हणून न्याहारीत बसला नाही तो पदार्थ दुपारच्या ताटात एकदा अजमावून पाहावा.

ताटात काय असावे

भात बंद करण्याची गरज नसते. वाटीने मोजून घ्यावा, वरण घट्ट ठेवावे, आणि आधी कोशिंबीर, पालेभाजी व उसळ खाऊन मग भाताकडे वळावे, म्हणजे साखर हळूहळू वर येते. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली असली तरी तीही पिठाचीच असते. मोठ्या तव्यावरची एक जाड भाकरी पिठाच्या हिशेबाने दोन-तीन पोळ्यांच्या बरोबरीची होते, हे 'मी तर भाकरीच खाते' असे म्हणताना विसरू नये. गूळ आणि मध यांना साखरेपेक्षा सोज्वळ समजण्याची आपल्याकडे रीत आहे, रक्तात मात्र तेही साखरच होतात. नाचणीचे सत्त्व किंवा कोणतीही पातळ पेज चावावी लागत नाही, त्यामुळे ती लवकर शोषली जाते. तीच नाचणी भाकरीच्या रूपात अधिक बरी. फळ अख्खे खावे, रस काढून पिऊ नये, आणि ते जेवणाला जोडून न खाता मधल्या वेळी खावे. पेरू, संत्रे, पपईची फोड यांनी सहसा अडचण होत नाही. चिकू, सीताफळ आणि केळे यांचे प्रमाण वहीतला आकडा पाहूनच ठरवावे, आणि उन्हाळ्यात दिवस असतील तर हापूसच्या दोन फोडींचा प्रयोगही तसाच करता येतो.

उपवासाचा फराळ वेगळा विचारात घ्यावा लागतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा घातला की एका ताटलीत साखर वाढवणारे दोन पदार्थ जमतात, आणि दिवसभर पोट रिकामे ठेवून रात्री ते एकदम खाल्ले तर आकडा हमखास वर जातो. आपल्या परंपरेतही गर्भवतीला उपवासातून सूट आहे, ती खुशाल घ्यावी. डोहाळजेवणाच्या दिवशी मात्र एका पेढ्याने काही बिघडत नाही, फक्त त्या दिवशी मोजायला विसरू नये.

याउलट, आकडा खाली आणण्यासाठी जेवण टाळणे ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे. पुरेसे अन्न मिळाले नाही की शरीर चरबी जाळते, त्यातून रक्तात कीटोन वाढतात आणि बाळाचे पोषणही अपुरे पडते. दिवसाचे अन्न तीन जेवणे आणि दोन-तीन मधल्या खाण्यांत विभागावे, आणि झोपताना कपभर बिनसाखरेचे दूध किंवा मूठभर शेंगदाणे घ्यावेत, म्हणजे रात्रीचे अंतर फार लांबत नाही. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडे किंवा मासे यांपैकी काहीतरी असावे. जेवणानंतरचे चालणे जवळजवळ औषधाइतके काम करते. अंगावरून रक्त जात असेल, वार खाली असेल किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल तर मात्र आधी विचारावे.

औषध लागले तर

असा आहार आणि चालणे दोन आठवडे पाळूनही दोन तासांनंतरचे आकडे १२०च्या वर राहिले तर डॉक्टर मेटफॉर्मिनच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू करतात. उपाशीपोटीचा आकडा सतत ९५च्या वर राहणाऱ्यांना पथ्याने फारसा उतार पडत नाही, कारण रात्री ती साखर स्वतःचे यकृतच सोडत असते. त्यात तुमचा दोष नसतो. इन्सुलिन एकदा सुरू झाले की आयुष्यभर सुटत नाही, ही भीती या मधुमेहापुरती निराधार आहे, बाळंतपणानंतर ते बहुतेकींचे बंद होते. ते वारेतून बाळाकडे जात नाही, त्यामुळे बाळाच्या दृष्टीने निर्धोकही आहे.

सिरिंज वापरताना एक चूक जिवावर बेतू शकते. आपल्याकडे इन्सुलिनच्या काही बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, तर काहींत आणि पेनच्या कार्ट्रिजमध्ये १०० युनिट असतात. ४०च्या बाटलीसाठी लाल टोपणाची आणि १००च्या बाटलीसाठी केशरी टोपणाची सिरिंज असते. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरले तर शरीरात दहाऐवजी पंचवीस युनिट जातात, आणि उलट अदलाबदल झाली तर दहाऐवजी चारच. म्हणून औषधाच्या दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहावा. दुधाळ इन्सुलिनची बाटली जोरात न हलवता तळहातांमध्ये हळुवार फिरवावी. फ्रिजमध्ये ठेवताना बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावी, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. फ्रिज नसलेल्या घरांत पाणी आत जाणार नाही अशा घट्ट डबीत घालून ती मातीच्या मडक्यात ठेवतात.

औषधावर असताना हात थरथरले, घाम सुटला, एकदम भूक लागली किंवा डोके हलके झाले तर साखर ७०च्या खाली गेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यावी, पडून राहावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि बरे वाटताच जेवून घ्यावे. ती पुडी उशाशी आणि पर्समध्ये कायम असू द्यावी. बाळाची हालचाल मंदावणे, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, चेहऱ्यावर सूज, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे, किंवा उलट्यांमुळे काहीच पोटात न ठरणे, यांपैकी काहीही झाले तर वही घेऊन तडक रुग्णालयात जावे.

बाळंतपण आणि त्यानंतर

बाळंतपण नवजात बाळाची साखर तपासण्याची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावे. केवळ मधुमेह आहे एवढ्यावरून सिझर करावे लागत नाही. आकडे आटोक्यात असतील आणि बाळाचे वजन बेताचे असेल तर नैसर्गिक प्रसूतीची वाट पाहता येते. अंदाजे वजन चार किलोच्या पुढे दिसले तर डॉक्टर सिझरचा विचार करतात. लवकर प्रसूतीची शक्यता असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शने देतात, त्यांनी आईची साखर काही दिवस चढते. हे आधी माहीत असले म्हणजे त्या दिवसांतल्या आकड्यांनी धास्ती बसत नाही. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर पाजावे. गुटी, मध किंवा साखरपाणी चाटवू नये. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन साखर पाहतात, ती ४५च्या खाली गेली तर उपचार करतात.

बाळंतपणानंतर साखर सहसा काही दिवसांतच उतरते, आणि डिंकाच्या लाडवांच्या धामधुमीत या आजाराचा विषय घरातून हद्दपार होतो. परंतु अशा स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त असते. बाळाची दीड महिन्याची लस असते त्याच सुमारास स्वतःची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करून घ्यावी, या वेळी मात्र उपाशीपोटी जावे लागते. दोन तासांनंतरचा आकडा १४०च्या आत असला तर नॉर्मल, १४० ते १९९ असला तर मधुमेहाचा उंबरठा, आणि २०० किंवा जास्त असला तर मधुमेह. नॉर्मल आला तरी वर्षातून एकदा तपासणी चालू ठेवावी.

पुन्हा दिवस राहिले तर चोवीस आठवड्यांची वाट न पाहता पहिल्याच भेटीत हा इतिहास सांगावा आणि आधीची वही बरोबर न्यावी. गेल्या खेपेला कोणत्या महिन्यात आकडे चढू लागले, इन्सुलिन किती युनिटांपर्यंत गेले आणि बाळ किती किलोचे होते, हे डॉक्टरांना त्या वहीतूनच कळते.